सहावा तास

पुस्तक बंगळूरहून येतं,
मराठीत आलेलं, पण वाटेत कुठंतरी दमलेलं.
त्यात रोमच्या जन्माला साडेतीन ओळी:
दोन जुळे, एक नदी, एक लांडगी
आणि एक सन, जो परीक्षेला येतो.

बाकीचं मी पदरचं घालते.
टोपली पुरात सोडली, सांगते.
टायबर म्हणजे आपली मार्कंडेय समजा,
उचगावच्या पुलाला पाणी लागतं तेव्हाची.
धनगरानं पोरं उचलून बायकोपुढं ठेवली.
तिचं मूल नुकतंच गेलेलं, दूध मागं राहिलेलं.
काही म्हणतात, लांडगी ती हीच.
का म्हणतात, ते मी आठवीला सांगत नाही.

मागच्या बाकावरून गुंडू भोगण:
"बाई, त्यास्नी खाल्लं कशाला न्हाई तिनं?"
पान्हा दाटला होता, मी म्हणाले.
वर्ग गप्प.
पेंढा भरलेलं रेडकू चाटणारी म्हैस
ह्या पोरांनी बघितलेली आहे.

मग गिधाडं.
एकाला आधी सहा दिसली, दुसऱ्याला नंतर बारा.
आधीची मोठी, की जास्तीची?
डोकी मोजून हद्द ठरवायची खोड
तेव्हाचीच असावी, असं मी पुटपुटले.
हे पुस्तकात नाही, लिहून घेऊ नका.

मग नांगर.
काशाचा फाळ, बाहेरून बैल, आतून गाय,
आणि अजून गाव नसलेल्या माळावर
गोल ओढलेलं एक तास.
तास म्हणजे पिरियड नव्हे रे, हसता काय!
ढेकळं आतल्या अंगाला पडली पाहिजेत,
आणि वेस हवी तिथं नांगर उचलून धरायचा,
नाहीतर आल्या-गेल्याला वाटच राहत नाही.
रेमस हसला. एवढीशी ती शीव, म्हणाला,
आणि उडी मारून आत आला.
भावानं त्याला तिथंच

मी खडू खाली ठेवला.

गुंडूचा बाप आणि चुलता जुळे.
भरमा आणि कल्लाप्पा, एका पाळण्यातले.
बेक्किनकेऱ्याच्या वरच्या अंगाला रताळ्याचं वावर,
त्यातनं राज्याची हद्द गेलेली,
आणि हद्दीला लागूनच भांडणाचा बांध, हातभर.
एकाचा दावा बेळगावात, दुसऱ्याचा चंदगडात.
समन्स कन्नडात येतं, उत्तर मराठीत जातं,
तारीख दोन्हीकडं पुढचीच पडते.
विहीर मात्र एक. पहाटे एकजण ओढतो,
दुसरा त्याचं कप्पीचं करकरणं थांबेपर्यंत
दाराआड उभा राहतो.

पोर माझ्याकडं बघत होतं.
घंटा होईना. रायाप्पा शिपाई
बहुतेक चहाला गेलेला.

म्हणून मी भराभर पुढं सरकले,
साबाइन बायकांकडं.
पळवून आणलेल्या लेकी
कडेवर पोरं घेऊन गेल्या थेट मैदानात,
इकडं नवरे, तिकडं बाप, मधे त्या, केस सुटलेले.
भाले खाली आले. दोन राजे एका गावात नांदले.
काही वर्षं तरी.

"त्यांची नावं काय, बाई?"
एकीचं दिलंय. हर्सिलिया.
बाकीच्या नुसत्या बायका.

पारू मुचंडी कधी बोलत नाही.
तिची आई गोकाककडची,
चुलीपाशी कन्नड, ओसरीवर मराठी.
ती उभी राहिली: "पण त्यास्नी
माघारी जायाचं हुतं काय, कुणी इचारलं?"

घंटा झाली तेव्हा.
पोरं दप्तरं उचलून पळाली,
फळ्यावर माझं गोल तास तसंच राहिलं,
वेशीपुरती जागा सोडलेलं.

सहामाहीला प्रश्न आला:
रोमच्या स्थापनेविषयी थोडक्यात लिहा. गुण तीन.
गुंडूचं उत्तर:
सन इ.स.पूर्व ७५३. कारण, भाऊबंदकी.

दोन गुण दिले. पान उलटलं.
पाठीमागं पेन्सिलीनं, खोडून पुन्हा लिहिलेलं:
लांडगीचं पुढं काय झालं
ते पुस्तकात दिलेलं नाही.